माउस बाजूला ठेवा आणि आपली साइट उघडा

वेबसाइट बनवणाऱ्या, बनवून घेणाऱ्या आणि चालवणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती.

माझे एक मित्र दृष्टिहीन आहेत, निवृत्त शिक्षक. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावून ते आपली कामं आपणच करतात. मागच्या महिन्यात एका योजनेचा अर्ज भरताना मी शेजारी बसलो होतो. टॅब दाबला की आवाज यायचा, "बटण". पुन्हा टॅब, पुन्हा "बटण". कसलं? पडद्यावर हिरवी खूण आणि लाल फुली होती, पण कोडमध्ये त्यांना नावच दिलेलं नव्हतं. 'जमा करा' कुठलं आणि 'रद्द करा' कुठलं, कळायला मार्ग नाही. ते कसंबसं निभावलं, तर पुढे कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरं, आवाजाची सोय नाही. शेवटी त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि आधार क्रमांक, ओटीपी सगळं मला सांगितलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

बटणाला नाव द्यायला कोडची एक ओळ लागते!

मराठी साइटींचं दुखणं आणखी खोल आहे. परिपत्रकं कागदावर छापून, शिक्के मारून, स्कॅन करून चढवली जातात. स्क्रीन रीडरला ते नुसतं चित्र. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, कानांना मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा ऐकू येतो.

हे दुरुस्त करण्यात उपकार काही नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016चा आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रियांना ओळख पटवण्याच्या केवायसीसाठी पापण्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितलं जात होतं, त्यावरून हा खटला उभा राहिला होता. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातच 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. कामं ऑनलाइन होत चालली तशी त्यांची दारं बंद होत चालली आहेत.

म्हणून आजच बसा. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने आपल्या साइटवरचा एक अर्ज शेवटपर्यंत भरा. मग स्क्रीन रीडर लावून, डोळे मिटून भरा. जिथे अडाल तिथे दुरुस्ती करा. चित्रांना वर्णन लिहा, रकान्यांना नावं द्या, मजकूर युनिकोडमध्ये आणा, पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवा. फिकट करड्या अक्षरांचा सोस सोडा. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान 4.5 ला 1 इतका फरक हवा. डब्ल्यूसीएजी 2.2 ही नियमावली इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते.

साइट बनवत नसाल, तर तक्रार करा. कुठलं पान, कुठे अडलं, एवढं लिहून त्या कार्यालयाला पाठवा. दाद मिळाली नाही, तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा.

नोव्हेंबरात माझ्या मित्राला हयातीचा दाखला द्यायचा आहे. त्याआधी ही बटणं बोलती करा.