पाकिटावर शेतकऱ्याचा फोटो, पण कपातले पैसे कुणाचे?

रहाटणी, पिंपळे सौदागर, वाकड. आयटीवाले आणि चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे राहतात त्या या पट्ट्यात चहाच्या टपरीशेजारी आता कॅफेही दिसतात. भिंतीवर वारली चित्रं, मेन्यूवर 'एथिकल' हा शब्द आणि पाकिटावर हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो. एक कप साधारण २०० रुपये.

आता साधा प्रश्न. त्यातले शेतकऱ्याला किती?

आधी हिशोब करू

एका डबल शॉटला साधारण १८ ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. भाजताना वजन सुमारे १५ टक्के घटतं, म्हणजे कच्च्या बिया लागल्या २१ ग्रॅम.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला. हा विक्रमी भाव होता. डॉलर ८६ रुपये धरला तर त्या भावाने २१ ग्रॅम बियांचे होतात सुमारे १६ रुपये. २००१ मध्ये हाच भाव ५० सेंटच्याही खाली होता. त्या भावाने एका कपातल्या बियांची किंमत जेमतेम २ रुपये.

आणि हा झाला बाजाराचा भाव. व्यापारी, प्रक्रिया, वाहतूक हे सगळं वजा करून उरेल ते शेतकऱ्याचं.

यात कलेचा संबंध कुठे आला?

खूप जुना आहे. १८६० मध्ये नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हॅवेलार' ही कादंबरी आली. लेखक मुलतातुली, म्हणजे जावामध्ये नोकरी केलेले डच अधिकारी एदुआर्द दाउस देक्कर. जावाच्या शेतकऱ्यांची पिळवणूक त्यांनी डच वाचकांसमोर मांडली. १९८८ मध्ये तिथेच कॉफीसाठी फेअरट्रेडचं पहिलं लेबल सुरू झालं, तेव्हा त्याला या कादंबरीचंच नाव दिलं गेलं.

फेअरट्रेड म्हणजे काय? आपल्या हमीभावासारखी कल्पना, फक्त ती सरकारची नाही. ऑगस्ट २०२३ पासून धुतलेल्या अरेबिकाला पौंडामागे किमान १.८० डॉलर, वर सहकारी संस्थेला २० सेंट. बाजार चढला तर चढा भाव, पडला तर ही किमान किंमत. आपल्या कपाच्या हिशोबात ही किंमत होते सुमारे ७ रुपये.

इथिओपियाने काय केलं?

अरेबिका कॉफीचं मूळ घर इथिओपिया. २००६ मध्ये 'ब्लॅक गोल्ड' हा माहितीपट आला. ओरोमिया भागातल्या कॉफी सहकारी संघाचे तादेसे मेस्केला चांगल्या भावासाठी जगभर फिरतात, त्याची ही गोष्ट.

त्याच काळात इथिओपिया सरकारने वेगळा डाव टाकला. सिदामो, हरार आणि यिर्गाचेफे ही आपल्या कॉफीची नावं अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला २००५ मध्ये अर्ज केले. तिथल्या कॉफी उद्योगाच्या संघटनेने विरोध केला. ऑक्सफॅम या संस्थेने मोहीम उघडली. शेवटी जून २००७ मध्ये स्टारबक्स आणि इथिओपिया यांच्यात या नावांबाबत करार झाला.

मुद्दा लक्षात घ्या. सिनेमाने लोकांना जागं केलं, पण हातात काही पडायचं असेल तर नावावरचा हक्क आणि सहकारी संघ लागतो. चित्र लक्ष वेधतं, भाव करार ठरवतो.

मग आपल्या कपात आफ्रिका आहे का?

बहुधा नाही. भारतात कॉफीवर १०० टक्के आयात शुल्क आहे. त्यामुळे आपल्या कॅफेत येते ती मुख्यतः चिक्कमगळुरू, कोडगूची कॉफी. देशातली साधारण ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला थोडी पिकते.

म्हणजे इथियोपियाचा धडा आपल्यालाही लागू होतो. आंध्रच्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांसोबत नांदी फाउंडेशनने काम केलं. ज्यांच्या समूहाचा चाकणला कारखाना आहे ते आनंद महिंद्रा या उपक्रमाशी जोडलेले आहेत. २०१७ मध्ये अराकूचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं आणि २०१९ मध्ये तिथल्या अरेबिकाला जीआय मानांकन मिळालं. इथेही देखण्या पाकिटामागे शेतकऱ्यांची बांधणी आहे.

आणि भिंतीवरचं ते वारली चित्र? वारली चित्रकलेलाही जीआय आहे. ते वारली कलाकाराने काढलंय की इंटरनेटवरून उचलून छापलंय, हाही तोच प्रश्न. शेतकरी असो वा चित्रकार, नाव त्याचं आणि पैसा दुसऱ्याचा असं व्हायला नको.

तुम्ही काय विचारू शकता?

१. ही कॉफी कोणत्या गावची, कोणत्या मळ्याची किंवा संघाची?
२. शेतकऱ्याला किलोमागे किती दिले? काही रोस्टर हा आकडा जाहीर करतात.
३. बाजार पडला तर किमान भावाची हमी आहे का?
४. पाकिटावरचं चित्र कुणाचं, आणि त्याला मोबदला मिळाला का?

उत्तर मिळालं तर २०० रुपये आनंदाने द्या. नाही मिळालं, तर 'एथिकल' हा शब्दही त्या भिंतीवरची सजावटच समजा.