जखमी जवानाचा शेवटचा टप्पा

वीरमरण आलेल्या जवानाचे पार्थिव गावी येते तेव्हा सारा तालुका लोटतो. शाळा सुटतात, दुकाने बंद होतात, फुलांनी सजवलेल्या गाडीमागे पंचक्रोशी चालते. हे व्हायलाच हवे. पण त्याच लढाईत जो पाय गमावून किंवा कमरेखाली लुळा होऊन परततो, त्याच्या घरी किती जण जातात? पहिल्या दिवशी हारतुरे होतात, छायाचित्र छापून येते. वर्षभराने तो कसा आहे, हे शेजारच्या आळीलाही ठाऊक नसते. माझे म्हणणे या दुसऱ्या जवानाविषयी आहे.

१९९९ च्या कारगिल युद्धात पाचशेहून अधिक जवान धारातीर्थी पडले. जखमी झाले तेराशेहून अधिक. जखमी बहुतेक वेळा जास्तच असतात. त्यांना वाचवण्यासाठी लष्कराने एक साखळी उभारली आहे. गोळी लागली की पहिली पट्टी शेजारचा साथीदारच बांधतो. मग खांद्यावरून किंवा स्ट्रेचरवरून पलटणीच्या डॉक्टरपर्यंत, तिथून जमेल त्या वाहनाने फील्ड हॉस्पिटलात, पुढे बेस हॉस्पिटलात. कारगिलमध्ये कड्यांवरून जखमींना खाली आणताना माणसांचे खांदेच कामी आले आणि पुढे चीता हेलिकॉप्टरने कित्येकांना श्रीनगर गाठून दिले. कोणत्या टप्प्यावर कोण उभा असेल, हे जखम होण्याआधीच ठरलेले असते. साखळीचे सारे बळ त्यातच आहे.

ही शहाणीव फुकट आलेली नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपल्या मराठा पलटणी लढत होत्या. नोव्हेंबर १९१५ मधल्या टेसिफॉनच्या लढाईनंतर हजारो जखमींना स्प्रिंग नसलेल्या खडखडणाऱ्या गाड्यांत घालून नदीकाठी आणले गेले. तुटलेल्या हाडांची माणसे त्या धक्क्यांनी किंचाळत होती. पुढे बोटींच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने, धड पट्टी न बदलता, दिवसेंदिवस प्रवास करून ती बसऱ्याला पोहोचली. बसऱ्यात एका डॉक्टरने ही दैना वरिष्ठांच्या कानी घातली, तर शाबासकीऐवजी त्यालाच दमदाटी झाली. अखेर चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. त्या लढाईत शौर्य कमी पडले नव्हते. कमी पडली होती ती गाडी, बोट आणि पट्टी.

त्याच १९१७ साली अपंग सैनिकांना हाताला काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट मुंबईत सुरू झाली. पुढे ती खडकीला गेली. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले, १९७४ मध्ये खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशा या संस्था. पण त्या आहेत पुण्यात, आणि जवानाला जगायचे असते आपल्या गावी.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून पुणे शेकडो किलोमीटर दूर. झरी जामणीच्या किंवा उमरखेडच्या एखाद्या खेड्यात राहणाऱ्याचा कृत्रिम पाय सैल झाला, तर काय करावे? उरलेल्या पायाचा खुंट कालांतराने आकसतो, तेव्हा त्यावर बसणारी वाटी बदलावी लागते. वैशाखात घामाने कातडी सोलवटते. पावसाळ्यात काळ्या चिकण मातीत कुबडीचे टोक रुतून बसते. ज्याच्या कमरेखाली संवेदनाच नाही, त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर अंगाला जखमा होतात आणि त्या त्याला कळतही नाहीत. शत्रूच्या गोळीतून वाचलेला माणूस अशा जखमेने जाऊ शकतो. ही राखण कोण करते? बहुधा बायको किंवा म्हातारी आई, आणि तीही कुणी न शिकवता.

कुणी म्हणेल, त्यांना पेन्शन मिळते की! मिळते, आणि मिळालीच पाहिजे. पण पेन्शन काढायला बँकेच्या पाच पायऱ्या चढाव्या लागतात, त्याचे काय? दुसरा आक्षेप असा, की जिल्ह्यात असे जवान असतील तरी किती? मोजकेच असतील. पण जो उतार जवानाच्या चाकाच्या खुर्चीसाठी बांधाल, त्यावरून मळणीयंत्रात हात-पाय गमावलेला शेतमजूर आणि पक्षाघात झालेली आजीही जाईल. अशा सोयी सार्वजनिक इमारतींत हव्यात, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतोच.

मागण्या फार मोठ्या नाहीत. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कृत्रिम अवयवांच्या दुरुस्तीसाठी पुण्याचे तंत्रज्ञ ठरलेल्या तारखांना यावेत. तालुक्याच्या रुग्णालयातील परिचारिकेने घरच्या बाईला कूस बदलण्याचे, जखम ओळखण्याचे शिक्षण द्यावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पायऱ्या झिजवण्याऐवजी तिथला माणूस वर्षातून दोनदा तरी घरी जावा. आणि ७ डिसेंबरला, १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या ध्वजदिनी, आपण डब्यात नाणे टाकतो तेव्हा आपल्याच गावातल्या अशा जवानाचे नाव आपल्याला ठाऊक असावे.

मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले; १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारतासाठी पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सुवर्णपदक जिंकणाऱ्याची आठवण व्हायला इतकी वर्षे लागतात, तर पदक न मिळवता ओसरीवर बसून राहिलेल्याची पाळी कधी यायची?

लष्कर आपल्या जखमीला मागे टाकून येत नाही. जीव धोक्यात घालून त्याला उचलून आणते. कड्यावरून श्रीनगर, श्रीनगरहून पुणे, पुण्याहून गावच्या एस.टी. थांब्यापर्यंत तो येतो. थांब्यापासून घरापर्यंतचा टप्पा मात्र लष्कराचा नाही, तो आपला आहे.