परवाना मिळाला, पुढे काय?

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे, कोलकात्याला निघण्याच्या तयारीत असलेल्या अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधील गोळी शिरली. शस्त्र कपाटात ठेवताना हातातून निसटले, असे त्या वेळी सांगण्यात आले. चार दिवस चर्चा झाली ती अभिनेत्याच्या प्रकृतीची. कपाटात ठेवायचे शस्त्र भरलेले का होते, हा प्रश्न मागेच राहिला.

ग्रामीण राजकारणात कमरेचे रिव्हॉल्व्हर प्रतिष्ठेचे मानले जाते आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्हाही त्याला अपवाद नाही. त्यामुळे हा प्रश्न येथेही लागू पडतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला दोनच शस्त्रांची मर्यादा घातली. लग्नात वा मिरवणुकीत बेफिकिरीने बार उडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. मात्र परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. एकदा घेतलेले प्रशिक्षण तेवढा काळ हाताला स्मरेल, असे कायद्याने जणू गृहीतच धरले!

याच शहरात लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र आहे. लष्करी शिस्तीत सराव संपला की 'जाँच शस्त्र'चा हुकूम सुटतो. प्रत्येक शस्त्र उघडून रिकामे असल्याची खात्री केली जाते. जवानाच्या शब्दावर विसंबले जात नाही. नळी कायम सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर आणि लक्ष्याच्या मागे काय आहे याचे भान, हे तेथील पहिले धडे.

घरगुती अपघातांचे मूळ बहुधा चुकीच्या समजुतीत असते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही त्यांतील सर्वांत घातक. एक काडतूस चेंबरमध्ये उरलेले असू शकते. म्हणून आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून आत पाहायचे. क्रम उलटला तर स्लाइड पुढे जाताना नवे काडतूस आत ढकलते. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकतो. शस्त्र घोड्यावर पडले, तर चाप न ओढताही बार उडू शकतो. जाणकार त्या घोड्याखालचे घर रिकामे ठेवत आले, ते यासाठीच. घरी ठेवताना शस्त्र रिकामे व कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी हवी.

हे सारे परवानाधारकांपुरते. श्रीरामपूर, राहुरीपासून नगर शहरापर्यंत पोलिसांच्या कारवाईत वेळोवेळी सापडणाऱ्या गावठी कट्ट्याला ना सेफ्टी, ना नळीच्या ताकदीची खात्री; तो चालविणाऱ्याच्या हातातच फुटू शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी मध्य प्रदेशातील उमरटीत जाऊन अशा शस्त्रांच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. तेथून महाराष्ट्रात आधीच आलेले कट्टे मात्र कोणत्याही परवाना नोंदवहीत नाहीत.