मुक्काम आधी, रस्ता नंतर

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या कुडव्यात पहाटे तीनच्या सुमारास मोटारींचे दरवाजे धाडधाड लागण्याचे आवाज येऊ लागतात. गोंदियाला खेटून असलेले हे गाव आता नावापुरतेच गाव उरले आहे. धानाच्या बांध्यांत प्लॉट पडले, प्लॉटवर घरे उठली आणि घरांपुढे गाड्या उभ्या राहिल्या. गाडी आली की लांबचा प्रवास ओघानेच आला. कुणी पुण्याला मुलाकडे जातो, कुणी कोकणात, कुणी थेट गोव्याला. मंडळी परतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ''किती तासांत पोहोचलात?'' अठरा तास सांगणारा सोळा तासवाल्यापुढे जरा ओशाळतो. कुठे उतरलात, हे कुणीच विचारत नाही, कारण कुणी कुठे उतरलेलेच नसते.

या गाड्या निघतात तेव्हा फाटकाशी एक-दोन माणसे हात हलवत उभी असतात. ती त्या घरातली आजी-आजोबा मंडळी. ''त्यांना एवढा प्रवास झेपत नाही हो,'' असे गाडीतली माणसे हळहळून सांगतात, आणि ती हळहळ खरी असते. मला बोलायचे आहे ते या वाक्याविषयी. म्हाताऱ्या माणसांना जे झेपत नाही ते म्हणजे सोळा तासांची सलग बैठक. ती चाळिशीतल्या माणसालाही झेपत नसते, फक्त तो तसे बोलून दाखवत नाही. प्रवासातून मुक्काम काढून टाकला की त्याबरोबर घरातली म्हातारी माणसेही आपोआप गळतात. दोष मात्र त्यांच्या गुडघ्यांच्या खात्यावर पडतो.

समृद्धी महामार्गाने हे सारे अधिक सोपे केले. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू होऊन पुरा झाला. रस्ता उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रस्ता चांगला झाला म्हणजे चालवणाऱ्याच्या डोळ्यांची ताकद वाढली, असे होत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसे गेली. ती वेळ होती रात्री दीडच्या आसपासची. मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे पाचपर्यंतचे तास माणसाच्या शरीराने झोपेसाठी राखून ठेवलेले आहेत. चहाच्या कपाने ती झोप फार तर अर्धा-पाऊण तास पुढे ढकलता येते. त्यातून गाडीतली बाकीची माणसे झोपलेली, सरळ रस्ता, गार वारा. जागे राहण्याचे काम एकट्या चालवणाऱ्यावर, आणि तो बहुधा आपलाच मुलगा असतो.

खरे तर मुक्कामाचे शास्त्र आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या पत्त्याची सुरुवातच 'मु. पो.' अशी होते. स्वतःच्या राहत्या घरालाही ज्यांनी मुक्काम म्हटले त्यांचे आपण वंशज! आणि मुक्काम कसे आखावेत हे पाहायचे असेल तर वारीकडे पाहावे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिली. हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी होते, म्हणजे फौज कशी चालते हे त्यांना ठाऊक. आळंदीहून निघालेली पालखी पुण्यात दोन रात्री राहते. मग दिवे घाट चढून सासवडला येते. ही मजल सगळ्यांत मोठी, तीसेक किलोमीटरची, आणि त्यात घाट. म्हणून सासवडलाही दोन रात्री. पुढे जेजुरीची मजल सोळा-सतरा किलोमीटरची, त्यापुढची वाल्ह्याची आणखी लहान. म्हणजे कठीण टप्प्याच्या आधी विसावा, नंतर विसावा आणि मग हलक्या मजला. त्या रांगेत तरणे चालतात तशा डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या बायाही चालतात. मुक्काम आखणाऱ्याने त्यांचे पाय पाहून आखणी केली आहे. आमच्या विदर्भातून शेगावची पालखी महिनाभर चालत पंढरपूरला जाते तीही याच हिशेबाने. वारीत ''माउलींचा मुक्काम कुठे?'' असे विचारतात, ''माउली किती तासांत पोहोचणार?'' असे विचारलेले मी ऐकलेले नाही.

मोटारीच्या बाबतीत हे शहाणपण फ्रान्समधल्या एका टायरवाल्या कंपनीला फार लवकर सुचले. मिशेलिन कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांना एक पुस्तिका फुकट वाटली. दुरुस्ती कुठे होईल, इंधन कुठे मिळेल, रात्री कुठे राहता येईल, अशी माहिती तीत होती. तेव्हा त्या देशात मोटारी अवघ्या काही हजार होत्या. लोक लांब जातील, वाटेत राहतील, पुन्हा निघतील, तर टायर झिजतील असा सरळ व्यापारी विचार! पुढे त्याच पुस्तिकेत खाणावळींना तारे मिळू लागले. दोन ताऱ्यांचा अर्थ, वाट वाकडी करून जाण्याजोगे ठिकाण. आपल्याकडे वाट वाकडी करणे हा वेळेचा अपव्यय समजला जातो. असो.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळतो. माझ्या आईचे वय ८६. तिचा सगळा जन्म झाडीपट्टीत गेला, तलाव तिने शेकड्याने पाहिले, समुद्र पाहिलेला नाही. या हिवाळ्यात तिला गणपतीपुळ्याला न्यायचे घरात ठरले आहे. मुलगा, सून, दोन नातवंडे, आम्ही दोघे आणि आई, अशी सात माणसे. महाराष्ट्राच्या पूर्वेच्या टोकावरून पश्चिमेच्या किनाऱ्यापर्यंत अंतर अकराशे किलोमीटरच्या घरात. शेजाऱ्यांनी ऐकले तेव्हा म्हणाले, ''काहून इतके मुक्काम करता साहेब? आज रात्री बसा, उद्या संध्याकाळी रंकाळा.''

मी चार मुक्काम धरले आहेत. नागपूरहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा जो राष्ट्रीय महामार्ग रत्नागिरीकडे जातो, तो धरायचा. पहिला मुक्काम सेवाग्राम, अडीचशे किलोमीटरच्या आतच. ''एवढ्यात थांबायचे?'' असे मुलाने विचारले. पण पहिल्या दिवशी सातला निघायचे ठरलेले कुटुंब साडेनऊच्या आत निघत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. शिवाय गांधीजी १९३६ साली जिथे येऊन राहिले त्या अंगणात संध्याकाळची सर्वधर्म प्रार्थना होते. समोर यात्री निवास आहे, साधे आणि शांत. दुसरा मुक्काम नांदेड. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला त्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात यात्रेकरूंच्या राहण्याची मोठी व्यवस्था आहे, आणि लंगरमध्ये नातवंडे ताटासाठी हात पुढे करायला शिकतील ते वेगळेच. तिसरा सोलापूर, जाता जाता तुळजाभवानी. चौथा कोल्हापूर. तिथून किनारा दीडशे किलोमीटरच्या आत, पण मध्ये आंबा घाट. तो सकाळीच उतरायचा, पोटात फार काही न घेता. वळणांवर मुले ओकतात आणि म्हाताऱ्यांना भोवळ येते. संध्याकाळी थकल्या अंगाने उतरण्याचा हा घाट नव्हे.

सोलापूर ते कोल्हापूर हा टप्पाही मी मुद्दाम दिवसाचा ठेवला आहे. हिवाळा म्हणजे उसाचा गाळप हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्याने डुलत चाललेले असतात. मागे दिवा नाही, परावर्तक असला तर धुळीने माखलेला. गाडीच्या उजेडात ते दिसतात तेव्हा ऊस काचेशी आलेला असतो.

मुक्काम ठरवताना नकाशाच्याही आधी कालनिर्णय उघडावे, हे माझे ठाम मत. एकादशीला पंढरपूरच्या आसपास, पौर्णिमेला, मंगळवारी किंवा शुक्रवारी तुळजापुरात, संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत सोलापुरात खोली शोधणाऱ्याने आपली कीव करून घेऊ नये. तीच गोष्ट लग्नाच्या मुहूर्तांची. तालुक्याच्या गावातले बरे लॉज त्या रात्री वऱ्हाडाने भरलेले असतात, आणि रिकामी खोली मिळाली तरी बँड पहाटेपर्यंत आपलाच असतो.

खोली पाहायची कशी, याचा अनुभव मला तपासणीच्या फिरतीत पुष्कळ मिळाला. पलंगपोस आणि भिंतीवरचा धबधबा नंतर पाहावा, आधी न्हाणीघर. संडास कमोडचा आहे का, फरशी निसरडी आहे का, गरम पाणी किती वाजता येते. खोली तळमजल्यावर, नाहीतर लिफ्ट चालू आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. 'लिफ्ट आहे' आणि 'लिफ्ट चालू आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. म्हातारे माणूस रात्री दोनदा उठते. तेव्हा न्हाणीघराचा दिवा हाताशी नसेल तर त्या मुक्कामाचा काही उपयोग नाही.

एक गोष्ट पुरुष मंडळी बोलत नाहीत म्हणून लिहितो. प्रवासाच्या दिवशी आपल्या घरातल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. आमच्या सुनेने हे सहज बोलता बोलता सांगितले तेव्हा माझ्या लक्षात आले की घरात सगळ्यांना ते माहीत होते, फक्त गाडी चालवणाऱ्यांना नव्हते. वाटेत स्वच्छ जागा मिळेल याची खात्री नाही, आणि दर वेळी ''थांबवा'' म्हणायचा संकोच. साखरेचा आजार असलेल्या बाईने दिवसभर कोरडे राहणे किती महागात पडते ते डॉक्टरांना विचारावे. पेट्रोलपंपावर स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि चाकातली हवा मोफत मिळाली पाहिजे, असा नियम आहे. कुलूप दिसले तर किल्ली मागावी, तीही पुरुषाने उतरून मागावी. आम्ही दर दोन तासांनी थांबणार आहोत, कुणी सांगण्याची वाट न पाहता. हा थांबा कुणाच्या मागणीवर अवलंबून नसला की मागण्याचा संकोचही उरत नाही.

मुलाची अडचण खरी आहे. त्याला दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस मिळतात. चार रात्री जाण्यात गेल्या तर समुद्रावर राहणार किती? मी म्हटले, दोन रात्री. तो म्हणाला, एवढे जाऊन दोनच? मग आम्ही कागद घेऊन बसलो. त्याच्या आखणीत समुद्रावर पाच रात्री होत्या, पण त्यातला पहिला दिवस सगळ्यांच्या झोपेत जाणार होता, शेवटचा परतीच्या धास्तीत, आणि आई कुडव्यातच राहणार होती. खर्चही मांडला. मुक्कामाचे पैसे लोक 'किरकोळ' या सदरात शेवटी लिहितात आणि बजेट फुगले की तिथेच काटछाट करतात. आम्ही ते पहिल्या ओळीत लिहिले.

परतीची तोड सुनेने काढली. शुक्रवारी सकाळी लवकर गणपतीपुळ्याहून निघून आईला, मला आणि हिला कोल्हापूरच्या स्टेशनवर सोडायचे. दुपारची महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर करत, राज्याबाहेर पाऊल न टाकता, तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून दुसऱ्या दिवशी थेट गोंदियात आणून सोडते. आडवे होऊन जाता येते, हा तिचा सगळ्यांत मोठा गुण. मागून मुले गाडीने येतील, एक रात्र सोलापुरात, एक यवतमाळात, दोन्ही दिवस उजेडी.

ज्येष्ठांना तिकिटात मिळणारी सवलत २०२० साली बंद झाली, त्यामुळे भाडे पुरते धरले आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. तारीख मी भिंतीवर लिहून ठेवली आहे. आईने एवढेच विचारले, की खिडकी कोणत्या बाजूची मिळेल. बर्थ मात्र तीन आणि खालचे हवे आहेत दोन तरी. माझे मी वर चढेन.