शहरची रंगभूमि आणि आपलीं मुलें



"अमक्याच्या मुलास नाटकाचा नाद लागला" हें वाक्य आपल्या इकडे अद्यापि ज्या स्वरांत उच्चारिलें जातें, त्याच स्वरांत "अमक्याच्या मुलास दारूचा नाद लागला" हेंहि उच्चारिलें जातें. म्हणून इंझोरीचा किंवा मानोरा-कारंज्याकडील एखादा मुलगा शिक्षणासाठीं पुण्यामुंबईस वा नागपुरास निघाला, कीं आई शिदोरी बांधतां बांधतां आणि वडील फीचे पैसे मोजतां मोजतां त्यास सांगतात, "अभ्यासाकडे लक्ष ठेव, नाटकें-सिनेमे पाहत बसूं नको." या उपदेशामागील कळकळ कोणीहि जाणील. सोयाबीन-तुरीच्या एका हंगामावर ज्यांचें सबंध वर्ष अवलंबून, त्यांस मुलाचा एकेक रुपया व एकेक तास मोलाचा वाटावा, हें योग्यच होय. तथापि नाटकापुरता हा उपदेश फिरवावा, इतकेंच नव्हे, तर मुलास शहरीं पाठविण्यापूर्वींच त्यास नाटकाची गोडी शाळेंत लावावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, हें सांगण्याचा येथें यत्न करितों.

शहरांत आज चाललें आहे तरी काय, तें प्रथम पाहूं. मुंबईंत दादरचें श्री शिवाजी मंदिर (१९६५), प्रभादेवीचें रवींद्र नाट्य मंदिर, विलेपार्ल्याचें दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह. ठाण्यांत गडकरी रंगायतन (१९७८). पुण्यांत बालगंधर्व रंगमंदिर (१९६८): हीं मराठी नाटकाचीं घरें आहेत. शनिवार-रविवारीं तेथें प्रयोग लागतात, तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि दिवसभर धंद्यानोकरींत श्रमलेलीं माणसें अडीच-तीन तास मुकाट्यानें एका कथेच्या स्वाधीन होतात. मराठी नाटक मरणपंथास लागलें अशी हाकाटी बोलपट आला तेव्हां झाली, दूरदर्शन आलें तेव्हां झाली व फोनवर चित्रें आलीं तेव्हांहि झाली. परंतु ६ नोव्हेंबर २०२२ रोजीं मुंबईंत श्री. प्रशांत दामले यांनीं आपला १२,५०० वा प्रयोग केला. मेलेल्या कलेचे इतके प्रयोग होत नसतात.

या व्यावसायिक रंगभूमीच्या शेजारीं प्रायोगिक रंगभूमि आहे. तिचा इतिहास शाळेच्या मुलांनीं अवश्य ऐकावा. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहांत 'आविष्कार' या संस्थेनें १९७४ पासून नाटकें करण्यास आरंभ केला. तेथें ना मखमली खुर्च्या, ना मोठा पडदा. असें असतां त्या शाळेच्या दालनांतून एक सबंध नाट्यचळवळ उभी राहिली व तिला नांवहि शाळेचेंच मिळालें. थोर रंगभूमीस थोर इमारत लागतेच असें नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. पुढें याचें काम पडेल.

आतां पालकांच्या आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, नाटकानें मुलें बिघडतात. ज्या नाटकास आपण दारूच्या पंक्तीस बसवितों, त्या नाटकानेंच दारूवर केवढा प्रहार केला आहे, हें आपण विसरतों. राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. सुधाकर व सिंधु यांच्या संसाराची राखरांगोळी पाहून ज्या पिढ्या नाट्यगृहांतून बाहेर पडल्या, त्यांस व्यसनावर वेगळें व्याख्यान देण्याची गरज उरली नाहीं. देवलांच्या 'शारदे'नें १८९९ मध्यें म्हाताऱ्याच्या गळ्यांत कोंवळी मुलगी बांधण्याच्या रूढीस भर सभेंत लाजविलें. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चें (१९०७) परकी सरकारास इतकें भय वाटलें, कीं त्यानें १९१० सालीं त्यावर बंदी घातली. तोफा बाळगणाऱ्या सरकारास ज्याचें भय वाटावें, तें निव्वळ करमणुकीचें साधन असूं शकत नाहीं.

हा केवळ मागचा महिमा आहे असेंहि नव्हे. नाशिकचे प्राजक्त देशमुख यांचें 'संगीत देवबाभळी' २०१७ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत पात्रें दोनच. एक तुकोबांची आवली व दुसरी पंढरीची रखुमाई. पायांत कांटा रुतलेल्या आवलीच्या सेवेस रखुमाई वेष पालटून येते, आणि देवाची बायको व भक्ताची बायको एकमेकींपाशीं मन मोकळें करितात. ज्या गांवांत एकादशीस टाळ वाजतो, त्या गांवाला ही कथा परकी कशी वाटेल? शहरांतील लोकांनीं हें नाटक डोक्यावर घेतलें, तें आपल्याच घरच्या तुळशीवृंदावनाजवळचें होतें.

तरीपण न्यायाची गोष्ट आहे कीं, सर्वच नाटकें अशीं नसतात. द्व्यर्थी विनोदावर व उथळ थट्टेवर पोट भरणारीं नाटकेंहि शहरांत लागतात. परंतु बाजारांत किडकीं वांगीं असतात म्हणून कोणी भाजी खाणें सोडीत नाहीं. निवडून घ्यावयास शिकतो. ही निवड करण्याची दृष्टि मुलास कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. बंदीनें ती येत नाहीं. ज्यानें एक चांगलें नाटक पाहिलें आहे, त्यालाच वाईट नाटक वाईट म्हणून ओळखतां येतें.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. "सर्व कांहीं फोनवर दिसतें, मग तिकीट काढून तेथें जावें कशाला?" याचें उत्तर आपल्या भाषेनेंच देऊन ठेविलें आहे. नाटकाच्या खेळास आपण 'प्रयोग' म्हणतों. चित्रपट शंभर वेळां लावला, तरी तो तोच असतो. नाटकाचा शंभरावा प्रयोग म्हणजे शंभराव्यांदा केलेला नवा यत्न. नटाचा घसा आज बसलेला असतो, समोर कोणी हंसतो, कोणी हुंदका देतो, आणि त्यासरशीं नटाचा पुढचा शब्द बदलतो. तेथें प्रेक्षक हाहि अर्धा कर्ता असतो. मराठवाड्याच्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनीं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या आपल्या प्रयोगांत एकट्यानें पन्नासांहून अधिक पात्रें उभीं केलीं. हजारों लोकांनीं तीं पाहिलीं, आणि तीं अर्धीं त्यांच्या अंगांत व अर्धीं बघणाऱ्यांच्या मनांत होतीं. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें नाट्यगृहें बंद झालीं, तेव्हां सिनेमे फोनवर आले. नाटक बहुतांशीं प्रेक्षक परत येईपर्यंत खोळंबून राहिलें. माणसावांचून ज्याचें चालत नाहीं, अशी ही कला आहे. जीं मुलें दिवसेंदिवस एकट्यानें कांचेकडे पाहूं लागलीं आहेत, त्यांस तीच अधिक हितावह नव्हे काय?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. त्यास आम्ही मान देतों. नाटक दूर आहे आणि महाग आहे. पुण्यामुंबईस बऱ्या जागेचें तिकीट तीनचारशें रुपयांच्या घरांत वा त्याहून वर जातें. मोठ्या कंपनीचा दौरा निघाला, तर नट, वादक, पडदे-सामानाचा ट्रक व सभागृहाचें भाडें या साऱ्याचा मेळ मोठ्या गांवींच बसतो. म्हणून तो नागपूर, अमरावती, अकोला अशा ठिकाणीं थांबतो, मानोऱ्यापर्यंत येत नाहीं. समृद्धि महामार्ग वाशिम जिल्ह्यांतून, कारंज्याजवळूनच जातो. त्याचा ७०१ किलोमीटरचा सर्व पल्ला ५ जून २०२५ पासून खुला झाला आहे. या रस्त्यानें आपला माल मुंबईच्या दारीं लवकर जाऊं शकतो. परंतु मुंबईचें नाटक त्याच रस्त्यानें आपल्या दारीं येईल, अशी आशा धरून बसणें व्यर्थ आहे.

मग करावें काय? वाट पाहूं नये; हेंच त्याचें उत्तर. आपल्याच विदर्भाच्या पूर्वेस, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत झाडीपट्टीची रंगभूमि आहे. तिचें मुख्य ठाणें वडसा. दिवाळीनंतर धान घरांत आलें कीं गांवोगांव मांडव पडतात, रात्ररात्र नाटकें चालतात, आणि शेतकरी-मजूर तिकीट काढून तीं पाहतात. तेथील कलावंत श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. त्या लोकांनीं मुंबईच्या कंपनीची वाट पाहिली असती, तर त्यांच्या रात्री अंधारांतच गेल्या असत्या.

किंबहुना नाटकाचा उगम शहरांत व ओघ खेड्याकडे, ही आपली समजूतच उलटी आहे. विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' केलें तें १८४३ सालीं, सांगलीसारख्या लहान संस्थानी गांवीं. मुंबईस त्यांचें नाटक पोंचावयास १८५३ साल उजाडलें. 'वाडा चिरेबंदी' हें नाटक मुंबईस १९८५ सालीं गाजलें. त्याचे कर्ते श्री. महेश एलकुंचवार हे आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांतील पारव्याचे, आणि त्या नाटकांतील पडका वाडा विदर्भांतील खेड्यांतलाच आहे. जालना जिल्ह्यांतील जांबसमर्थ गांवचे शेतकरी नाटककार श्री. राजकुमार तांगडे व त्यांच्या मंडळीनें 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ सालीं रंगभूमीवर आणून मुंबईच्या रसिकांस आपल्या बोलीची दखल घ्यावयास लाविलें. बीज गांवांत असतें. शहर हें त्याचें मोठें वावर आहे इतकेंच.

एलकुंचवारांविषयीं एक गोष्ट प्रसिद्ध आहे. नागपुरास असतां ते सिनेमास गेले. तिकीट मिळालें नाहीं, म्हणून जवळच चाललेलें विजय तेंडुलकरांचें 'मी जिंकलो! मी हरलो!' हें नाटक पाहावयास शिरले. आणि तेथूनच त्यांचें चित्त नाट्यलेखनाकडे वळलें. एका तिकिटाचें हें फळ! प्रत्येक मुलगा नाटककार होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कोणत्या मुलाच्या अंगीं काय आहे, हें त्यास तें दिसल्यावांचून कळावें कसें?

येथें शाळेचा संबंध येतो, आणि येथेंच आम्हांस कांहीं कटु बोलावयाचें आहे. सांप्रत बहुतेक शाळांचीं स्नेहसंमेलनें म्हणजे ध्वनिवर्धकावर सिनेमाचें गाणें लावावयाचें, भाड्याचे झगमगीत पोशाख आणावयाचे आणि मुलांनीं ओंठ न उघडतां चार मिनिटें नाचावयाचें, असा प्रकार होऊन बसला आहे. त्यांत मुलांचा शब्द एकहि नसतो. पोशाखाच्या भाड्यांत जातात तेवढ्या पैशांत एक सबंध नाटक उभें राहील. नाटकाला काय लागतें? चार बांकें, एक चादर, दीड महिन्याच्या तालमी, आणि ज्यास मागच्या बाकावरून कोणी कधीं बोलतें केलें नाहीं, अशा मुलावर विश्वास ठेवणारा एक शिक्षक. सुधा करमरकर यांनीं १९५९ सालीं 'लिटल थिएटर' काढून मुलांसाठीं स्वतंत्र रंगभूमि उभी केली. रत्नाकर मतकरींचें 'अलबत्या गलबत्या' २०१८ पासून पुन्हां शहरांतील मुलांस हंसवीत आहे. शहरच्या मुलास जें मिळतें, तें गांवच्या मुलास मिळूं नये, असा नियम कोणी केला?

आणखी एक मागणें आहे. शाळेच्या नाटकांत वऱ्हाडी बोली आली, कीं ती गड्याच्या किंवा विदूषकाच्या तोंडीं घालण्याची रीत आहे. नायक मात्र पुस्तकी मराठी बोलतो. यानें मुलें न शिकवतां एक धडा शिकतात, तो असा कीं, आपल्या आईची बोली हंसण्याच्या लायकीची आहे. तांड्यावरून येणाऱ्या मुलास तर आपली गोरबोली वर्गांत उच्चारण्याचीहि लाज वाटूं लागते. एकदां नायकाच्या तोंडीं वऱ्हाडी घालून पाहा. एकदां तांड्यावरच्या आजीचें काम तांड्यावरच्या मुलीस तिच्याच भाषेंत करूं द्या. प्रमाण मराठी त्यांनीं शिकावी, उत्तम शिकावी. पण ती शिकण्यासाठीं घरची भाषा टाकावी लागत नाहीं, हें रंगमंचावर जितकें लवकर पटतें, तितकें व्याकरणाच्या तासास पटत नाहीं.

"अभ्यास बुडतो" असें कोणी म्हणेल. ज्या मुलानें पन्नास वाक्यें अर्थासह पाठ केलीं, तीं दोनशें माणसांसमोर न अडखळतां म्हटलीं, व सोबत्याचें वाक्य चुकलें असतां तें सांवरून घेतलें, त्याचा अभ्यास बुडाला कीं झाला? मुलाखतीच्या टेबलासमोर घाम फुटून ज्यांच्या गुणपत्रिका निरुपयोगी ठरतात, अशीं हुशार मुलें आपल्या भागांत थोडीं नाहींत.

तेव्हां आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. प्रत्येक शाळेनें दरवर्षीं निदान अर्ध्या तासाचें एक नाटक बसवावें. विषय आपल्या गांवचा असावा, मग तो पडलेल्या भावाचा असो, आटलेल्या विहिरीचा असो वा शाळा सोडावी लागलेल्या मुलीचा असो. वर्षांतून एकदां वरच्या वर्गांस अकोल्यास वा अमरावतीस नेऊन, शिक्षकांनीं निवडलेलें एक चांगलें नाटक दाखवावें. पालकांनीं त्या खर्चास सहलीच्या खर्चाइतकेंच आवश्यक मानावें, आणि मुलीसहि मुलाइतक्याच खुशीनें पाठवावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जे यंदा शाळा सोडून शहरीं जातील, त्यांनीं रोज नाटकें पाहावीं असें कोणी सांगत नाहीं. सहा महिन्यांतून एकदां, जाणत्यास विचारून, शेवटच्या रांगेचें कां होईना, एक तिकीट काढा. पाहून आल्यावर घरीं फोन कराल, तेव्हां जेवणाची चौकशी झाल्यावर आईस त्या नाटकाची गोष्ट सांगा. तिनें तें थिएटर कधीं पाहिलेलें नसेल. पण गोष्ट ऐकून ती जो प्रश्न विचारील, त्यावरून तुम्हांस कळून येईल कीं, खरी रसिकता तिकिटावर अवलंबून नसते, आणि ती तुम्ही शहरांतून आणलेली नसून घरूनच बरोबर नेलेली आहे.