आघाडीचे डोळे

शाहूपुरीच्या व्यापारी पेठेत मालाआधी भावाची वार्ता पोहोचते. वार्ता चुकली की सौदा अंगावर येतो. सैन्याचे गणितही हेच आहे, मात्र तेथील किंमत प्राणांनी चुकवावी लागते. मुख्य फौजेपुढे चालणाऱ्या तुकडीला मराठ्यांनी ‘बिनी’ म्हटले आणि तिचे नेतृत्व इतके मानाचे मानले की, विसाजी कृष्णांचे ‘बिनीवाले’ हेच नाव रूढ झाले. वाट, पाणी, वैरण, नदीचे उतार आणि शत्रूचा तळ यांची खबर वेळेवर मागे पोहोचविणे हे आघाडीचे मोठे कर्तव्य होय.

१६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची वाट शिवरायांना आधी कळली, म्हणूनच उंबरखिंडीत मोगली फौज कोंडली गेली. उलट १७६० च्या ऑक्टोबरात मराठी फौज कुंजपुऱ्याकडे असता अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. भरलेल्या नदीवर विसंबल्याने उतारांवरील टेहळणी अपुरी पडली, दिल्लीची वाट तुटली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा घात झाला. तेथे शौर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती वेळेवरच्या खबरेची.

आज उपग्रह आणि ड्रोन हाताशी आहेत. तरीही १९९९ मध्ये कारगिलच्या घुसखोरीची पहिली वर्दी मेंढपाळांनी दिली, हे विसरता येणार नाही. साधने वाढली तरी जमिनीवर चालणाऱ्या माणसाची गरज संपत नाही. त्याने आणलेली वार्ता अप्रिय असली तरी ती ऐकून घेण्याची तयारी सेनापतीपाशी आणि राज्यकर्त्यांपाशी हवी. ती नसेल तर आघाडी डोळस असूनही फौज आंधळीच राहील.