‘फोकस कर’ म्हणजे नेमकं काय कर?

तिसरा सेट, ५-२, सर्व्हिस माझी. एक गेम काढला की मॅच खिशात आणि विद्यापीठाच्या निवड चाचणीला नाव नक्की. टीवायला असतानाची ही आंतरमहाविद्यालयीन मॅच. मी काय केलं? डबल फॉल्ट. पाठोपाठ आणखी एक डबल फॉल्ट. जाळीबाहेरून बाबा ओरडले, “फोकस कर!” सर ओरडले, “रिलॅक्स!” एकाच वेळी फोकस आणि रिलॅक्स कसं व्हायचं, हे मात्र दोघांनीही सांगितलं नाही. सेट ५-७ गेला. दुसऱ्या दिवशी मैदानावर कानावर आलंच, “गेम छान आहे गं तिचा, पण मेंटली वीक आहे.”

या ‘मेंटली वीक’ शिक्क्याचा मला अजूनही राग येतो. बॅकहँड कच्चा असला तर सर म्हणतात, “उद्या लवकर ये, दोनशे बॉल मार.” मन कच्चं असलं की ते एकदम जन्मपत्रिकेत लिहिल्यासारखं! त्यावर सराव नाही, फक्त सल्ला. माझं म्हणणं साधं आहे. मॅचची मानसिक तयारी हाही सरावाचाच भाग आहे आणि आपल्याकडे तो कोणी करून घेत नाही.

आकडेच बघा. रॉजर फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचा हिशोब मांडला होता. एकेरीच्या १५२६ मॅच, त्यातल्या जवळपास ८० टक्के जिंकलेल्या. आणि पॉइंट? फक्त ५४ टक्के. म्हणजे फेडररसुद्धा जवळपास दर दुसरा पॉइंट हरत होता! मग आपण एका डबल फॉल्टवर आकाश कोसळल्यासारखं का वागतो? मानसिक तयारी म्हणजे ‘मी जिंकणारच’ असं आरशासमोर घोकणं नाही. पॉइंट गेल्यावर पुढच्या पॉइंटला कसं उभं राहायचं, हे आधीच ठरवून ठेवणं म्हणजे तयारी.

२०१९ ची विम्बल्डन फायनल आठवा. पाचव्या सेटमध्ये ८-७, सर्व्हिस फेडररची, हातात दोन चॅम्पियनशिप पॉइंट. संपूर्ण मॅचमध्ये त्याने २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. तरी ट्रॉफी जोकोविचने नेली. सगळं स्टेडियम ‘रॉजर, रॉजर’ ओरडत असताना आपण मनात ‘नोव्हाक’ ऐकत होतो, असं त्याने नंतर सांगितलं. ऐकायला गंमत वाटते, पण असली युक्ती ऐन वेळी कामी यायची तर मनाला आधीपासून वळण लावावं लागतं.

मोठ्या स्पर्धांमध्ये दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंदं मिळतात, बाजू बदलताना ९० सेकंदं. दोन तासांच्या मॅचमध्ये बॉल प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ त्यातला थोडाच. उरलेला सगळा वेळ तुम्ही आणि तुमचं डोकं. प्रॅक्टिसला मात्र आपण काय करतो? बास्केटमधून एकामागून एक बॉल उचलतो आणि धडाधड सर्व्हिस मारतो. त्या २५ सेकंदांचा सराव शून्य!

त्या पराभवानंतर मी तोच सुरू केला. पॉइंट गेला की नेटकडे पाठ. रॅकेटच्या स्ट्रिंग्ज सरळ करायच्या, म्हणजे नजर समोरच्या मुलीवर किंवा बाबांच्या चेहऱ्यावर जात नाही. एक लांब श्वास सोडायचा. मग एकच निर्णय : सर्व्हिस कुठे टाकायची. चार टप्पे, सर्व्हिस. प्रॅक्टिसलासुद्धा प्रत्येक पॉइंटनंतर हेच. शिवाय मैत्रिणीबरोबर मुद्दाम ५-२ पासून सेट सुरू करायचा, हरेल तिने वडापाव द्यायचा. हसू नका, वडापावसाठीही हात थरथरतो!

मॅचआधीचा वेळही असाच. आधीची मॅच लांबली की आपण तासभर ताटकळतो आणि समोरचीचं रँकिंग उकरत बसतो. ‘वाट बघावी लागणार’ हे गृहीत धरून बॅगेत केळी आणि दोरीची उडी ठेवली, फोन आईकडे दिला, तरी निम्मी धडधड कमी होते.

“हे सगळं म्हणजे लकी रिस्टबँडच की!” असं एक मित्र म्हणाला. फरक आहे. रिस्टबँड हरवला की आपण संपलो. श्वास हरवत नाही. नदाल पाण्याच्या बाटल्या ओळीत लावायचा त्याला लोक अंधश्रद्धा म्हणायचे, तो म्हणायचा की यामुळे डोक्यात शिस्त येते.

एक मात्र खरं. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कोर्टवर जायचीच भीती वाटत असेल, तर स्ट्रिंग्ज सरळ करून भागणार नाही. नाओमी ओसाकाने २०२१ ची फ्रेंच ओपन अर्ध्यात सोडली आणि आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलली. अशा वेळी समुपदेशकाकडे जाणं, हीसुद्धा तयारीच.

विद्यापीठाच्या संघात माझी निवड शेवटपर्यंत झाली नाही. पुढच्या वर्षीही मी हरले, पण ५-२ वरून नाही. समोरची खरंच चांगली खेळली आणि मी शेवटच्या पॉइंटपर्यंत माझा गेम खेळले. त्या दिवशी घरी जाताना बाबांशी स्कूटरवर गप्पा मारता आल्या.

म्हणून सर, आई-बाबा, एक विनंती. जाळीबाहेरून ‘फोकस कर’ ओरडण्याआधी एकदा प्रॅक्टिसला या आणि विचारा, “डबल फॉल्टनंतर तू काय करणार आहेस?” उत्तर नसेल, तर दोनशे बॉल तिथूनच सुरू करूया.